एकशेआठ दाण्यांची परडी

चौथ्या दिवशी सकाळी सूनबाईने देवीसमोरच्या परडीवरचं ओलं फडकं उचललं, आत पाहिलं आणि होतं तसं परत टाकलं. चहाचा कप ओट्यावर ठेवून आली, पदराने चष्मा पुसला आणि फडकं पुन्हा उचललं. दोष चष्म्याचा नव्हता. परडीला टक्कल पडलं होतं.

बरं, टक्कल तरी एकजात असावं. तेही नाही. कडेला आठ-दहा कोंब दाटीवाटीने उभे, मधे मोकळं मैदान, पलीकडे तीन कोंब एकमेकांशी भांडण झाल्यासारखे लांब लांब. केस गेलेला माणूस उरलेले चार केस जसे इकडून तिकडे वळवतो, तशी ती माती दिसत होती.

नऊ दिवसांचा देवीचा उत्सव. पहिल्या दिवशी परडीत माती पसरून गहू पेरायचे, नवव्या दिवशी गल्लीतल्या बायकांना बोलावून ओट्या भरायच्या, खीर वाढायची आणि परडीतली हिरवी रोपं खुडून एकेकीच्या केसांत माळायची. जिची परडी दाट तिचं घर भरलेलं, आणि तिची कूसही लवकरच उजवणार, असा गल्लीचा हिशेब होता. परडी विरळ निघाली तर गल्ली हिशेब मांडायची नाही. नुसती बघायची. ते जास्त वाईट.

दुसऱ्या कोणाच्या घरी हे झालं असतं तर दोन दिवस कुजबुज होऊन विषय मिटला असता. पण ही सूनबाई सरकारी प्रयोगशाळेत बियाणे तपासनीस होती. शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, आठव्या दिवशी कोंब मोजायचे आणि कोणाचं बी जिवंत, कोणाचं मेलेलं ते सही करून सांगायचं, हा तिचा धंदा. मोजायची सवय अशी जडलेली की तिचे यजमान, म्हणजे शाळेतले भूगोलाचे मास्तर, 'आज मुलांना वारे फार छान समजले' म्हणाले, की ती विचारायची, "शंभरातल्या कितींना?"

आणि नेमकं त्याच पंधरवड्यात तिने बीवाल्या शेठांचा गहू नापास केला होता. उगवण पंचाऐंशी लागते, त्यांची भरली अठ्ठावन्न. शेठांची सातशे पोती गोदामात अडकली. शेठांनी वर अर्ज ठोकला, की बाई पाणी फार घालतात, बी गुदमरतं. ज्यांच्या हाताला उगवण नाही त्यांनी दुसऱ्याच्या बियाला नावं ठेवू नयेत. उत्सव संपला की दुसऱ्याच दिवशी साहेबांपुढे सुनावणी होती. अर्ज मान्य झाला तर अहवाल रद्द, आणि सूनबाईची रवानगी रिकामी बारदानं मोजायला. शेठांच्या अर्जाला आता फक्त एका पुराव्याची गरज होती, आणि तो सूनबाईच्या घरात, देवीसमोर, समईच्या उजेडात ठेवलेला होता.

तेवढ्यात शेजारच्या शिवणवाल्या वहिनी आल्या. त्यांच्या गळ्यात मंगळसूत्राइतकीच मापाची टेप कायमची असे.

"बघू तुमची कितपत आली."

"झाकलीय, वहिनी."

"झाकायला काय ती न्हाऊन आलीय का? आमची साडेतीन इंच. आत्ता मोजली." असं म्हणत वहिनींनी फडकं उचललंसुद्धा. मग त्यांचा हात टेपकडे गेला आणि टेप न उलगडताच परत आला. त्यांच्या बाबतीत ही गोष्ट सहसा घडत नसे.

"तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली, नाही का?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"हं. मग बरोबर." वहिनींनी फडकं हळुवारपणे, आजारी माणसावर पांघरूण घालावं तसं घातलं आणि टेप सावरत निघून गेल्या.

मास्तरांचा चहा संपायच्या आत गल्लीला बातमी कळली. गल्लीची एक जुनी सवय होती. काही उगवलं नाही की ती मातीकडे बोट दाखवायची. बियाला कधी कोणी विचारलं नव्हतं.

"वाट बघ जरा," सासूबाई म्हणाल्या. "काहींना वेळ लागतो."

सूनबाईने केसातली पिन काढली, परडीचा कोपरा उकरला आणि एक दाणा बाहेर काढून चिमटीत दाबला. पचकन पांढरं पाणी आलं. तिने वास घेतला.

"हा मेलेला आहे, आई."

"उत्सवात मेलेला म्हणू नये."

"मग काय म्हणू, झोपलाय? गहू कुठले घेतलेत तुम्ही? आपल्या डब्यातले असे नाहीत."

"डब्यातले कशाला घेऊ? देवीच्या ओटीतले घेतले. पहिल्या दिवशी सकाळीच शेठाणी आली होती देवीची ओटी भरायला. दरवर्षी येते. नारळ, खण आणि ओंजळभर गहू. म्हणाली, खात्रीचे आहेत, परडीत हेच पेरा. मी मोजून एकशेआठ पेरले. एकेका दाण्याला एकेक नाव घेतलं देवीचं."

सूनबाई खाली बसली. "कुठली शेठाणी?"

"गावात दुसरी आहे का? बीवाल्यांची."

मास्तर दारात उभे राहून ऐकत होते. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग सुटलीस की. सरळ सांगून टाकायचं, बी शेठचंच आहे."

"आणि साहेबांनी विचारलं, ज्याचा अर्ज माझ्याविरुद्ध आहे त्याच्या घरून माझ्या घरी बी कसं आलं? आम्हाला त्या माणसाचा चहासुद्धा चालत नाही."

"ओटीला लाच कोण म्हणतं?" सासूबाई म्हणाल्या.

"आमचे साहेब."

"मग दिली असेल तर देवीला दिलीय. तिला विचारा म्हणावं." सासूबाईंनी तांब्या उचलून परडीवर हाताने पाणी शिंपडलं. सूनबाई मदतीला सरकली तशी त्यांनी तिचा हात बाजूला केला. "तू हात लावू नकोस. तुझ्या पाण्यावर अर्ज झालाय. आणि हे बघ, शेठाणीचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही. दिलेल्या ओटीची चहाडी करत नाहीत."

म्हणजे झालं असं, की गप्प बसावं तर परडी बोलणार आणि तोंड उघडावं तर नोकरी जाणार.

पुढचे चार दिवस मास्तरांनी उपाय सुचवण्यात घालवले. सहाव्या दिवशी त्यांनी फुलवाल्याकडून आयती परडी आणली. हिरवीगार, वीतभर उंच, वर पाण्याचे थेंबसुद्धा. सासूबाईंनी ती दारातूनच परत पाठवली. "दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून देवीच्या मांडीवर ठेवायचं? भूगोलात असं शिकवतात का?"

सातव्या दिवशी त्यांनी टकलाच्या जागा बघून बघून झेंडूची फुलं टोचली. त्याने एवढंच झालं, की टक्कल पडलेल्या माणसाने टोप घालावा तशी परडी दिसू लागली. आत काय आहे ते आता लांबूनही कळत होतं. आठव्या दिवशी त्यांनी समई विझवून ठेवायची सूचना केली. तेव्हा सासूबाईंनी त्यांना पिशवी देऊन दुधाला पाठवलं.

सूनबाई मात्र रोज सकाळी परडीसमोर बसायची. हात लावायचा नाही असं ठरलं होतं, बघायला बंदी नव्हती. ती मनातल्या मनात कोंब मोजायची आणि कुणाशी काही न बोलता कामावर जायची. आठव्या दिवशी तिने दोनदा मोजले. मग चप्पल घालताना ती स्वतःशीच हसली. मास्तरांना वाटलं, ताणाने झालं असेल.

इकडे शिवणवाल्या वहिनी ब्लाउजच्या अस्तराचं कापड आणायला बाजारात गेल्या, त्या वाटेत शेठांच्या दुकानात टेकल्या. त्यामुळे नवव्या दिवशी एक नवल घडलं. आजवर ओटीच्या कार्यक्रमाला शेठाणी एकटीच येत असे. या वेळी सोबत शेठ स्वतः आले, कडक इस्त्रीचे कपडे घालून. आणि त्यांच्यामागून आले प्रयोगशाळेचे साहेब, सपत्नीक.

"मीच म्हटलं साहेबांना," शेठ दारातूनच सांगत आले, "उद्या सुनावणीत तोंडं बघायचीच आहेत, त्याआधी देवीचं दर्शन घेऊ. या साहेब, इकडून या. देवी त्या समोरच्या भिंतीला. आणि खाली परडी आहे. तीही बघून घ्या."

खोलीत तीसेक बायका बसल्या होत्या. खिरीच्या वाट्या अर्ध्यावर आल्या होत्या. साहेबांनी देवीला हात जोडले, मग खाली पाहिलं. मग खिशातून वाचायचा चष्मा काढून पुन्हा पाहिलं. झेंडूची फुलं सासूबाईंनी सकाळीच काढून टाकली होती.

"हा आमच्या तपासनीस बाईंचा हात," शेठ म्हणाले. आवाज त्यांनी खालच्या पट्टीत ठेवला होता, पण तो जिन्यापर्यंत पोचेल एवढा खाली. "मी अर्जात लिहिलं तेच हे, साहेब. पाणी. बी गुदमरतं हो."

"पाणी मी घातलं," सासूबाई म्हणाल्या. "हिला नऊ दिवस मी परडीला बोट लावू दिलं नाही. तीस वर्षं मीच घालतेय. आजवर कोणी गुदमरलं नाही."

शेठांचं पाणी तिथेच संपलं. पण व्यापारी माणूस, एक गिऱ्हाईक गेलं की दुसरं धरतो. "मग माती असेल. आता मातीतच दम नसेल तर बी तरी काय करील बिचारं?"

बायकांच्या वाट्यांमधले चमचे थांबले. दोघीतिघींनी सूनबाईच्या पोटाकडे बघितलं आणि लगेच देवीकडे बघितलं. सूनबाईने ओठ आवळले. मास्तरांनी जमिनीकडे बघितलं, जणू तिथे नकाशा होता.

सासूबाईंनी पळी खाली ठेवली. "वहिनी, तुमच्या परडीत माती कुठली?"

शिवणवाल्या वहिनी तेव्हा तिसऱ्या वाटीवर होत्या. त्यांनी घास गिळला. "कुठली म्हणजे? तुमच्याच कुंड्यांमधली. घमेलं भरून मीच नाही का नेली."

"आणि वाढ कितीय?"

"सव्वासहा इंच." टेपवर हात ठेवून वहिनी म्हणाल्या. मापाच्या बाबतीत त्या खोटं बोलत नसत, शत्रूच्या फायद्याचं असलं तरी. "सकाळी मोजली. बोट शिरत नाही इतकी दाट."

तीस बायका एकच गणित मनात करत होत्या. पाणी सासूचं. माती तीच.

"मग राहिलं बी," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

हे वाक्य त्या गल्लीत आजवर कोणी उच्चारलं नव्हतं. मास्तरांना उगाचच खोकला आला.

सूनबाईला पुढचं दिसत होतं. ती लगबगीने उठली. "साहेब, खीर आणते. गरम आहे."

"थांबा हो बाई, खीर पळून जात नाही." शेठ आता थांबायला तयार नव्हते. "बीच खराब असणार, मीही तेच म्हणतोय. घरातलं, डब्याच्या तळाचं, पोरकिडे लागलेलं. अहो, जिला स्वतःच्या देवीपुढे बरं बी पेरायची अक्कल नाही, ती माझ्या बियाची पारख करणार? मी सांगतो साहेब, पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. असलं भिकार बी मी कोंबड्यांपुढेसुद्धा टाकणार नाही."

"कोंबड्यांपुढे काय म्हणता?" शेठाणी म्हणाली.

परडीकडे एकटक बघता बघता तिचा चेहरा लाल होत चालला होता. "आपल्याच दुकानातलं आहे ते. मी स्वतः भरलीय देवीची ओटी. निळ्या शिवणीच्या पोत्यातलं, सील लागायच्या आधी काढलेलं. तुम्हीच म्हणालात ना, देवीला द्यायचंय तर यातलंच दे, अव्वल आहे. आणि आता कोंबड्या?"

"तू गप्प बस."

"मी का गप्प बसू? देवीला मी असलं दिलं म्हणजे पाप माझ्या माथी. आणि नऊ दिवस उपास मी करतेय, तुम्ही नाही."

साहेबांनी चष्मा काढला. "निळी शिवण म्हणजे..."

"उद्याच्या सुनावणीतलीच पोती, साहेब," सूनबाई म्हणाली. मग सरळ उभी राहून पुढचंही बोलली. लपवून आता काही उपयोग नव्हता, आणि लपवणं तिला कधी जमलंही नव्हतं. "बी शेठांकडून आलं हे मला चौथ्या दिवशी कळलं. मी तेव्हाच कळवायला हवं होतं. उद्या लेखी देते."

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. कार्यालयातली आठी, तिच्यावर तारीख आणि शिक्का तेवढा मारायचा राहिला होता. "बाई, अर्जदाराकडून काही घेणं ही गोष्ट..."

"ओटी देवीची आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आणि आपल्या देवीचीही त्यांनीच भरली की," साहेबांच्या पत्नी म्हणाल्या. त्या कधीपासून परडी बघत होत्या. "निळ्या खणाबरोबर ओंजळभर गहू नव्हते का आले? मी म्हटलं, घेवड्याच्या कुंडीत टाकू. निम्मे आले नाहीत, अहो. मला वाटलं, तुम्ही दारातून बघता म्हणून येत नसतील."

साहेबांनी आठी आत घेतली. मग बराच वेळ ते देवीच्या डोक्यावरच्या छताकडे बघत राहिले. नोकरीच्या नियमांत छताबद्दल काही नव्हतं.

"किती पेरले होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

"एकशेआठ," सासूबाई म्हणाल्या. "उरले ते गच्चीवर पाखरांना घातले. पाखरांनीही निवडून खाल्ले."

साहेब पाटावर बसले आणि मोजू लागले. त्यांच्या दोन्ही बाजूंनी बायका ओणवल्या. प्रत्येकीने आपापलं मोजलं. बासष्ट, चौसष्ट, पुन्हा बासष्ट असं होत होत एका वाकड्या कोंबावर वाद झाला. शिवणवाल्या वहिनींनी टेप लावून तो पाऊण इंच असल्याचं जाहीर केलं आणि तो धरला गेला. त्रेसष्ट.

"एकशेआठाला त्रेसष्ट, म्हणजे शंभराला..." मास्तर बोटांवर मोजू लागले.

"बाराला सात," वहिनी म्हणाल्या. तुकड्यात ब्लाउज बसवणाऱ्या बाईला अपूर्णांकाची भीती नसते. "म्हणजे शंभराला अठ्ठावन्न. वर जराशी चिंधी उरते."

साहेबांनी मान वर करून सूनबाईकडे बघितलं. अहवालातला आकडा त्यांना पाठ होता. प्रयोगशाळेतला काचेचा कपाटवजा यंत्रसंच, त्यातलं थंड-गरम हवामान, आयात केलेला कागद, आणि इकडे सासूबाईंचा तांब्या. दोघांचं अठ्ठावन्नावर एकमत झालं होतं.

"शेठ," साहेब उठता उठता म्हणाले, "उद्या अकराला सुनावणी आहे."

"राहू द्या हो, साहेब. अर्ज मागे घेतो."

"लेखी."

मास्तरांनी तत्परतेने वहीचं पान फाडून दिलं. पाच वर्षांत घरच्या कार्यात त्यांचा इतका नेमका उपयोग पहिल्यांदाच होत होता. शेठांनी भिंतीला पान टेकवून चार ओळी लिहिल्या. शेठाणीने वाचून बघितल्या आणि 'सातशे पोती पिठाच्या गिरणीला देईन' अशी पाचवी ओळ घालायला लावली. सही होईपर्यंत ती हलली नाही.

मग रोपं वाटायची वेळ आली आणि अडचण उभी राहिली. रोपं त्रेसष्ट, बायका तीसवर. घरोघरी दाट परड्या असूनही प्रत्येकीला याच परडीतलं हवं होतं. वाटणी दोन-दोनवर आली. ज्या दोघीतिघींनी मघाशी पोटाकडे पाहिलं होतं, त्यांना सासूबाईंनी एकेकच दिलं. शिवणवाल्या वहिनींनी तीन मागितली, आणि पुरावा त्यांचाच म्हणून त्यांना ती मिळाली. शेवटचं, ते वाकडं पाऊण इंची, सासूबाईंनी सूनबाईच्या केसांत खोचलं आणि कानाशी म्हणाल्या, "मला ठाऊक होतं, किती येणार ते. तू आठव्या दिवशी हसत गेलीस ना."

त्या दिवसापासून गल्लीत सूनबाईला लग्नाची वर्षं कोणी विचारत नाही. त्याऐवजी बायका मास्तरांना जिन्यात थांबवतात आणि फार मायेने विचारतात, "तब्येत बरी आहे ना, मास्तर?"

पुढच्या आठवड्यात सूनबाई कामावरून परतली तर दारात चपलांची रास. ओसरीवर माणसं बसलेली, कुणाच्या हातात रुमालाची पुरचुंडी, कुणाच्या हातात कागदाचा पुडा. खिडकीखाली ओळीने नऊ परड्या मांडलेल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. सासूबाई एका परडीवर पाणी शिंपडत होत्या. त्यांच्यासमोर, इस्त्रीचे कपडे सांभाळत, मांडी घालून बीवाले शेठ बसले होते. मांडीवर नव्या गव्हाचा पुडा.

"सगळ्यात आधी तुमच्याकडेच आलो, काकू," शेठ म्हणत होते. "केव्हा कळेल?"

सासूबाईंनी पुडा घेतला, वास घेतला, बाजूला ठेवला.

"घाई असेल तर आमच्या सुनेच्या लॅबमध्ये द्या, तिथे आठ दिवसांत सांगतात. खात्री हवी असेल तर नवव्या दिवशी इथे या. येताना शेठाणीला घेऊन या, खरं बोलायला माणूस लागतं."